निवट्याच्या मागे

मोबाइलमधल्या एका माशापायी माझी आई खाडीत गेली होती, असं सांगितलं की लोक आधी हसतात. हसू देत. मला अजून हसू येत नाही.

मी मुळातच भित्री. लहानपणी विहिरीत वाकून बघ म्हटलं तरी भोकाड पसरायचे. माझं माहेर म्हसळ्याच्या आतल्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. तिथे सगळी भाताची शेती, समुद्राशी कुणाचं देणंघेणं नाही. आणि नशिबानं सासर मिळालं नेमकं आगरदांड्याला. नवरा खाडीपलीकडे दिघीच्या बंदरात कामाला. तो रोज फेरीबोटीनं जातो, आणि तो पलीकडे उतरल्याचा फोन येईपर्यंत मी एक काम धड करत नाही. मी स्वतः मुरुडच्या एका लॉजवर काउंटरला बसते, एसटीनं जाते-येते. एसटी कितीही खिळखिळी असली तरी तिच्याखाली जमीन असते.

तो खेळ मी कॉलेजात असल्यापासून खेळत आलेय. मोबाइल हातात धरून चालायचं. पडद्यावर आपल्याच गावाचा नकाशा दिसतो, त्यात मधूनच कुठेतरी राक्षस उगवतात आणि बोटानं जाळं फेकून ते पकडायचे. कुणी झाडाखाली सापडतो, कुणी देवळापाशी. पाण्यातले मात्र पाण्यापाशीच. त्या शेकडोंमध्ये मला आवडायचा तो एकच, एक मासा. करडा-निळा, डोळे पार डोक्यावर आलेले, गाल फुगवून पुढच्या पंखांवर रेलून बसणारा. बाकीचे आग ओकायचे, नख्या दाखवायचे. हा घाबरला की चिखलात डोळ्यांपर्यंत बुडायचा आणि तिथूनच बघत राहायचा. पळून जायचा नाही. माझ्यासारख्या बाईला असाच कुणीतरी आवडणार.

माझ्याकडे तो होता. चांगला वाढवलेला, मोठा केलेला. पनवेलच्या स्टँडवर फोन चोरीला गेला तेव्हा त्याच्याबरोबर तोही गेला, आणि नव्या फोनवर जुनं खातं काही केल्या उघडेना. मी तेव्हा माहेरी जाऊन चक्क रडले होते. वडिलांनी थट्टा केली, आई मात्र हसली नव्हती.

शिमग्यानंतर वडील गेले. भाऊ नाही, म्हणून जमीन अर्धेलीनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, कसायला देऊन आईला मी इकडे आणली. ती यायला तयार झाली हेच नवल, पण येऊन बसली ती खिडकीशीच. जेवायला हाक मारली की जेवायची, नाहीतर नाही. आयुष्यभर चिखलात उभी राहिलेली बाई, तिला फरशीवर काय करायचं ते कळेना. तपासणीत साखर निघाली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं तर म्हणाली, काम नसताना चालतात ती येडी माणसं. मी चिडले, विनवण्या केल्या, अबोला धरला. शेवटी घरात पडून असलेल्या एका जुन्या फोनवर तो खेळ घालून दिला आणि सांगितलं, हे काम समज.

तिनं ते खरंच काम समजून घेतलं. राक्षस हा शब्द तिला आवडला नाही, ती त्यांना जनावरं म्हणायची. माझ्या आवडत्याचं परदेशी नाव तिच्या जिभेला वळेना. मी त्याचं चित्र दाखवलं तशी म्हणाली, "ह्यो तर निवटा." खाडीच्या चिखलात उड्या मारणारा तो बटबटीत डोळ्यांचा मासा तिनं म्हसळ्याच्या बाजारात पाहिलेला. तेव्हापासून आमच्या घरात तो निवटाच झाला. रोज सकाळी ती पदर खोचून निघायची आणि आल्यावर सांगायची, आज दोन धरली, पण निवटा न्हाय घावला.

ती कुठे चालते ते मी पाहून ठेवलं होतं. गावाबाहेर खाडीला बांध आहे. त्याच्या एका अंगाला भातशेती आणि दुसऱ्या अंगाला भरतीचं पाणी. बांधात एक उघाडी आहे, म्हणजे फळ्या बसवलेलं दार; आतलं गोडं पाणी बाहेर सोडायचं झालं की फळ्या काढायच्या, एरवी त्या खारं पाणी अडवतात. आईला तिकडे परक्याचं का होईना, भात बघायला मिळायचं. कुणाचं पोटरीला आलं, म्हणजे लोंबी आत भरू लागली, कुणाचं करपलं, हे सगळं ती मला संध्याकाळी सांगायची. तिचा आवाज जरा भरायला लागला होता. मी मात्र बजावून ठेवलेलं, बांधाखाली उतरायचं नाही.

गणपती तोंडावर आले होते. अमावस्या नुकतीच झालेली, पावसानं उघडीप दिलेली. माझी एसटीची वेळ झाली तरी आई परतली नाही. मी फोन केला. तिनं तो कापला. पुन्हा केला, पुन्हा कापला. आईनं माझा फोन कधी कापला नव्हता, तिला तो कापता येतो हेही मला माहीत नव्हतं. पर्स तिथेच टाकून, फोन हातात तसाच धरून, मी बांधाकडे धावत सुटले.

बांधावर कुणी नव्हतं. उघाडीपाशी, खाडीच्या बाजूला, आईच्या चपला होत्या. एकीला एक लावून, नीट.

मला जे वाटलं ते वाटायला मला क्षणसुद्धा लागला नाही. नवरा गेलेली बाई, पाण्याच्या काठाला सोडलेल्या चपला. असं ऐकलेलं असतं, वाचलेलं असतं. मी खाली बसले आणि चपलांना हात लावला. त्या अजून घामानं ओलसर होत्या, आणि त्या ओलाव्याची मला जी भीती वाटली ती सांगता येत नाही.

मग खाडीकडून 'बाय' असा बारीक आवाज आला. ओहोटीनं खाडी लांब मागे गेली होती, समोर सगळा काळा चिखल उघडा पडलेला. त्यात, हाकेच्या अंतरावर, आई होती. मांड्यांपर्यंत आत. एक हात वर आणि त्या हातात फोन.

कशी गेली ते मला तिथेच कळलं. नकाशावर ते सगळं निळंच दिसतं, भरती असो की ओहोटी. त्या निळ्यात, काठापासून जरा आत, निवटा उगवला. आईनं समोर पाहिलं तर पाणी नव्हतंच, चिखल होता. आणि चिखलाला ती कधी भ्यायलीच नव्हती. लावणीला उतरताना काढतात तशा तिनं चपला काढल्या, लुगडं वर खोचलं आणि उतरली. आमच्या भाताच्या चिखलाला खाली तळ असतो. पाय पोटरीपर्यंत जातो आणि कठीण लागतं. खाडीच्या चिखलाला तसा तळ नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मलाही कुठे माहीत होतं.

मी उतरले तर दुसऱ्याच पावलाला गुडघ्यापर्यंत गेले. कशीबशी बांधाला धरून मागे आले. आरडाओरडा केला, पण शेतात कुणी नव्हतं आणि जेटी वळणापलीकडे. नवऱ्याला फोन लावला, तो पलीकडच्या काठावर. म्हणाला, जेटीवरच्या कुणाला तरी पाठवतो, तू उतरू नको. तेवढ्यात मी पाहिलं, चिखलातल्या चरांमधून पाणी येत होतं. आवाज न करता, आमच्याच दिशेनं. भरती लागली होती.

आता काय, म्हणून मी इकडेतिकडे बघत होते आणि मला उघाडीच्या फळ्या दिसल्या. रुंद, जड, खाचेत बसवलेल्या. मी वरच्या फळीला हात घातला तशी आई तिकडून बोलली.

"फळी नको काडू. खारं जाईल भातात."

मी ऐकलं नाही.

"बाय, पोटरीला आलंय त्यांचं. जळंल सगळं."

ती मांडीपर्यंत रुतलेली, मागून पाणी चढतंय, आणि तिला कुणाच्या तरी भाताची पडलेली. मला इतका संताप आला की त्या संतापानंच फळी उपसून निघाली असावी. दुसरीही काढली. आतलं गोडं पाणी भळाभळा बाहेर पडायला लागलं. मी एक फळी चिखलावर टाकली, तिच्यावर पालथी झोपले, दुसरी पुढे सरकवली, तिच्यावर गेले, मागची ओढून पुढे घेतली. चिखलाचा वास नाकातोंडात जात होता. मी मोठमोठ्यानं रडत होते आणि आईला शिव्या घालत होते, माझ्या आईला, अशा शिव्या ज्या मी कधी कुत्र्यालाही घातल्या नव्हत्या.

पोचल्यावर मी तिच्या दंडाला धरून ओढायला लागले. ती म्हणाली, ओढू नको, रुतलेल्या रेड्याला काढतात तसं पायाभोवतीचं उकर. मग ती फळीवर छातीनं रेलली आणि मी दोन्ही हातांनी उकरत बसले. उकरलेलं पुन्हा भरायचं. कालवांच्या शिंपांनी बोटं कापली. तोवर पाणी आलंच. आधी मनगटाला लागलं, मग कोपराला. मी डोळे मिटून घेतले. पण पाणी तिच्या पायाच्या खळग्यात शिरलं तसा चिखल सैल पडला आणि एक पाय मोकळा झाला. मग दुसरा.

मला वाटलं, सुटलो. पण आई फळ्या सोडायला तयार नाही. पाण्यात तरंगतील त्या, वाहून जातील, मग उघाडी उघडीच राहील, असं म्हणत तिनं एक फळी स्वतःच्या पोटाखाली घेतली आणि दुसरी मला घ्यायला लावली. अशा आम्ही मायलेकी सरपटत बांधाला लागलो. तिथे पोचल्यावर मी पडून राहणार होते. तिनं मला पडू दिलं नाही. तिच्या पायांत उभं राहायचं त्राण नव्हतं, म्हणून ती वर बसून सांगत राहिली आणि मी उघाडीच्या तोंडाशी, पुन्हा पाण्यात, कंबरेपर्यंत उभी राहून फळ्या खाचेत बसवल्या. बाहेरचं पाणी खाचेच्या तोंडापर्यंत चढत आलं होतं. पहिली तिरपी बसली, काढून पुन्हा बसवली. जेटीवरचे दोघे धावत आले तेव्हा दुसरी फळी मी ठोकून बसवत होते. त्यांनी विचारलं काय झालं, तर आई म्हणाली, फळी ढिली झालती.

निवटा काही घावला नव्हता. तिनं जाळं टाकलं, तेवढ्यात माझा फोन वाजला, तो कापून पुन्हा टाकलं, पुन्हा मी. तेवढ्यात तो डोळ्यांपर्यंत बुडाला आणि नाहीसा झाला. हे तिनं मला घरी आल्यावर तक्रारीच्या सुरात सांगितलं. मी त्या दिवशी कामावर गेले नाही. तिला ऊन पाण्यानं आंघोळ घातली आणि पायांच्या चिरांना हळद लावायला बसले. इतका वेळ जे तोंडाशी होतं ते मग बाहेर पडलं. म्हटलं, तशा चपला काढून ठेवल्यास, मला काय वाटलं असेल याचा काही विचार?

आईनं खिडकीकडे तोंड फिरवलं.

"तुझं तोंड बगूनच कळलं मला," ती म्हणाली. "तसं एकदा आलं व्हतं मनात, बाय. आखाडात. तवा चपला घालूनच पान्याकडं गेलते, आनि मला भ्या बी वाटलं न्हवतं. आज तसं न्हाय. आज येवडी भ्याले, की वरडाया तोंड उघडंना."

हळदीची वाटी कलंडली ती मी उचलली नाही. तिचे पाय मांडीवर घेऊन बसले. आईला भीती वाटली, हे ऐकून मला जेवढं बरं वाटलं तेवढं आयुष्यात कशानं वाटलं नसेल. आणि आषाढातल्या त्या दिवशी मी लॉजच्या काउंटरला बसून फक्त नवऱ्याच्या बोटीची काळजी करत होते. मला न कळलेल्या त्या दिवसाची भीती अजून गेलेली नाही.