पोटरीवरचा लाल दिवा

लिंबू-चमच्याच्या शर्यतीत पोटरीचा स्नायू फाडून घेणारी मी आष्ट्यातली पहिली बाई आहे. (लिंबू पडलं नाही. हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगते; विचारत कुणीच नाही.)

मुलीच्या शाळेत पालकांच्या स्पर्धा होत्या. शेजारची बाई पुढे निघाली, मला चेव आला, आणि मागून डाव्या पोटरीवर कुणीतरी दगड मारावा तसं झालं. "कोण रे तो?" म्हणून मी वळून ओरडलेसुद्धा! मागे कुणीच नव्हतं. चाळिशी होती.

नवरा नोकरीला साताऱ्यात, येणार थेट रविवारी. त्यामुळे माझी पोटरी सासऱ्यांच्या ताब्यात गेली. आबा फौजेतून निवृत्त झालेले, मनानं लोण्यासारखे. आवाज मात्र अजून सीमेवरच आहे. त्यांनी मला एसटीनं मिरजेला फिजिओथेरपीच्या मॅडमकडे नेलं. मॅडमनी माझ्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवला आणि पोटरीवर लेसरचा लाल उजेड धरला. आबा वाकून बघत होते.

"चटका बसतोय का गं?"

"नाही, आबा."

"मग ऊब तरी?"

"काहीच नाही."

आबा मॅडमकडे वळले. "तुमचा बल्ब गेलाय!"

मॅडम हसल्या. "आबा, हा उजेड शेकायचा नाही. दुखणं कमी व्हायला थोडी मदत करतो, इतकंच. खरं काम व्यायामाचं."

एवढ्या बोलण्यातून आबांनी नेमके दोनच शब्द घरी आणले: लाल उजेड.

व्यायाम साधा होता. खुर्चीत बसून टाचा हळूहळू उचलायच्या, हळूहळू टेकवायच्या. पण हुकूम आबांचा! "टाच... ऊपर!" चुकून चवडा उचलला गेला की "जैसे थे!" गल्लीतला दूधवाला किटलीसकट सावधानमध्ये उभा राहायचा.

मिरजेच्या फेऱ्या मात्र जीवावर यायच्या. एसटी खड्ड्यात आदळली की मी "आई गं!" म्हणायची आणि माझ्यापेक्षा आबांचाच चेहरा पिळवटायचा. एका दुपारी ते पिशवीतून काहीतरी लपवत आले. मच्छरदाणीच्या दोरीला त्यांनी एक भला मोठा लाल बल्ब टांगला आणि बटण दाबलं. खोलीत लालभडक उजेड पसरला!

"आता मिरजंला जायाचं कारण न्हाई. घे, चष्मा लाव." आबांच्या चेहऱ्यावर एवढं समाधान होतं, की मी गुमान गॉगल लावून पाय पसरला. खरं सांगू? ऊब झकास होती.

इतक्यात शेजारच्या शालनकाकू पिलांचं खोकं घेऊन दारात! "आवं भाऊजी, बल्ब काढून न्हेला व्हय तुमी? माजी पिल्लं गारठली की!"

म्हणजे बल्ब कोंबडीच्या पिलांचा होता.

"आवं, सुनंचा पाय दुखतोय," आबा काकुळतीनं म्हणाले.

"मग काय पिल्लं मारू?" काकू तडकल्या. मग माझ्या पायाकडे बघून विरघळल्या. "असू दे. उजेड हाय मोप. वाटून घ्या!" आणि त्यांनी खोकं माझ्या खाटेवर पालथं केलं! पिलं चिवचिवत थेट माझ्या पोटरीला येऊन बिलगली.

आणि नेमका तेव्हाच, व्यायाम तपासायला मॅडमचा व्हिडिओ कॉल!

आबांनी मोबाईल धरला.

"खोली लाल का दिसतेय? आणि पायावर काय हलतंय?"

"ट्रीटमेंट चालू हाय, मॅडम," आबा ताठ उभे राहून म्हणाले.

"आधी तो दिवा पायावरून काढा! भाजलं म्हणजे? त्यानं नुसती उष्णता मिळते. माझं यंत्र वेगळं!"

आबांचा चेहरा पडला. पिलं कोपऱ्यात नेऊन बल्ब त्यांनी त्यांच्यावर टांगला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, फौजेत माझ्या गुडघ्याला मार बसला, तवा व्यायाम सांगितला व्हता. घरी जाऊन करू म्हटलं, केला न्हाई. आता जिना चढताना देव आठवतो. तुझं तसं नगं व्हायला."

कॉल अजून चालूच होता. मॅडम म्हणाल्या, "आबा, पुढच्या वेळी तुमचाही गुडघा बघते."

तपासून त्यांनाही बसूनच करायचा व्यायाम मिळाला. मग रोज दोन खुर्च्या, शेजारी शेजारी. ते चुकले की मीच "जैसे थे!" ओरडायची, ते कौतुकानं पाय परत खाली ठेवायचे. पिलं कोपऱ्यात दिव्याखालीच राहिली. टाच उचलली की एकेक माझ्या पावलावर चढायचं आणि घसरगुंडी खेळायचं.

मिरजेच्या फेऱ्या झाल्या, पोटरी बरी झाली. आबाही आता जिना चढताना अर्ध्यावर गेल्यावरच देवाला हाक मारतात.

पिलांच्या मात्र कोंबड्या झाल्यात. मी अंगणात उतरले की साऱ्या रांगेनं माझ्यामागून चालतात. घरात माझं कुणी ऐकत नाही, तेव्हा हे पुढारीपण मी अभिमानानं मिरवत होते. परवा शालनकाकूंनी तेवढाही भ्रम घालवला. "नीट बघ की. तुझ्यामागं न्हाईत त्या. फकस्त डाव्या पोटरीमागं हायत!"