आकडा कोणी सांगितला?

ते प्रकरण अजून माझ्या डोक्यातून गेलेले नाही. त्यात गुन्हा दाखल झाला नाही, कोणाला अटक झाली नाही, पेपरात ओळही छापून आली नाही. पण मुदतीआधी निवृत्ती घेतल्यापासून ओळखीचे लोक मोबाईल पुढे करून मला विचारतात, "मॅडम, हा मेल खरा की खोटा?" आणि दर वेळी मला ती आंब्याची बाग आठवते. नावे कोणाचीच सांगणार नाही. गाव कुणकेश्वरच्या बाजूचे, एवढे पुरे.

मी तेव्हा किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होते. आंब्याचा हंगाम भरात होता. या दिवसांत ठाण्यात येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात. कोणाच्या बागेतून आंबे गेले, कोणाचे कुंपण टेम्पोने पाडले, पर्यटक दारू पिऊन पाण्यात उतरले. त्या सकाळी हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी बघत होते. फोन वाजला. पलीकडे एक बाई होती, नाव सांगेना.

"मॅडम, शेजारच्या बागेत नेपाळी रखवालदाराक खोलीत कोंडून घातल्यानी. वाडीतले पोरगे जमले आसत. मारतले तेका. बेगीन येवा."

वाडीचे नाव सांगून तिने फोन ठेवला. आवाज दबका होता, पण घाबरलेला नव्हता. अशी खबर सहसा खोटी नसते. मी हवालदारांना घेऊन निघाले.

बागेत पेट्या भरायची खोली होती. बाहेर आंब्यांच्या राशी, पेंढा, खोक्यांचे ढीग. काम थांबलेले होते. दाराला कुलूप, दारासमोर पाच-सहा तरुण आणि मध्ये बागायतदार. पन्नाशीचा, अंगाने भरलेला, चांगल्या घरातला माणूस.

"कुलूप काढा," मी म्हणाले.

"मॅडम, चोर आसा तो."

"ते नंतर बघू. माणसाला कोंडून ठेवणे हा गुन्हा आहे आणि तो आत्ता माझ्यासमोर चालू आहे. किल्ली कुठे आहे?"

किल्ली त्याच्याच खिशात होती. आत रखवालदार पेंढ्यावर बसला होता. ओठ फुटलेला, बाकी धड होता. कितीतरी हंगाम याच बागेत राखण केलेला माणूस. बागेतल्या खोपीत बायकोबरोबर राहायचा. इतक्या वर्षांत त्याची भाषाही इथलीच झाली होती.

"मी काय करूक नाय, मॅडम," तो म्हणाला. "माका बागेतून काढल्यानी तर काढूंदे. पण चोर म्हणान काढूक नको. मगे माका ह्या किनाऱ्यार कोण ठेवतलो?"

त्याचे खरे होते. आमच्याकडे बागेची राखण विश्वासावर चालते. एका बागेतून चोर म्हणून निघालेला माणूस दुसऱ्या बागेत उभा राहू शकत नाही.

बागायतदाराने मोबाईल दाखवला. सकाळी त्याला मेल दिसला होता: आपल्या खात्यातून खरेदी झाली आहे, धन्यवाद. खाली बारीक अक्षरात, ही खरेदी तुम्ही केली नसेल तर येथे कळवा. घरात कोणी काही घेतले नव्हते. रखवालदार मात्र रोज संध्याकाळी मोबाईल चार्ज करायला पडवीत बसायचा. तेवढ्यावरून निकाल लागला होता.

हवालदारांनी मेल पाहून हात झटकला. "मॅडम, खोटा मेल हा. असले माझ्या मोबाईलवर रोज येतात. उडवून टाका, विषय संपला."

हे ऐकून रखवालदाराने पहिल्यांदा मान वर केली. मेल खोटा असेल तर खरेदी झालीच नाही, आणि खरेदी नाही तर चोरही नाही. मी मान डोलावली असती तर तो तिथेच सुटला असता. पण न तपासता सुटलेल्या माणसावरचा संशय तसाच राहतो, हे मी अनेकदा पाहिले होते.

सगळ्यांना घेऊन मी बागायतदाराच्या घराच्या पडवीत बसले आणि तो मोबाईल हातात घेतला. मेलपेटीत आणखी बरेच मेल होते. 'तुमचे खाते आज बंद होणार', 'ताबडतोब येथे दाबा', 'शेवटची संधी'. त्यांचे पाठवणारे नाव मोठ्या कंपनीचे, पण नावावर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडला की भलताच निघत होता. चौकशीत खोटे बोलणारा माणूस समोरच्याला घाई करतो, विचार करायला उसंत देत नाही. हे मेल तसलेच होते. खरेदीचा मेल मात्र थंड होता. कशाची घाई नाही, धमकी नाही, पासवर्डाची मागणी नाही, पत्ताही सरळ.

पण सरळ दिसण्यावर मी जात नाही. साळसूद चेहऱ्याचे ठग मी भरपूर पाहिलेत. मेलमधल्या कशालाच हात न लावता मी तो बंद केला आणि खाते वेगळे, नेहमीच्या वाटेने उघडले. तिथे झालेल्या खरेदीची नोंद असते. मेल खोटा असेल तर तिथे काही सापडत नाही.

तिथे नोंद होती. फोटो आणि व्हिडिओ साठवण्यासाठी जास्तीची जागा घेतली होती, दर महिन्याला पैसे कापून. बँकेचा मेसेजही जुळत होता, आदल्या दिवशी दुपारचा. मेल खरा होता.

"बघितलास?" एक तरुण रखवालदारावर उसळला. "आमी सांगत होतो तां खोटा होता काय?"

रखवालदाराची मान खाली गेली. पुढची पायरी त्याला आणखी वाईट ठरली. ते खाते कोणकोणत्या मोबाईलवर उघडलेले आहे हे मी पाहिले, तर मोबाईलांची मोठी रांग निघाली. घरातले सगळे, आणि त्यात बागायतदाराने रखवालदाराला दिलेला जुना मोबाईलही.

"ह्याच्या मोबाईलवर तुमचे खाते कसे?"

बागायतदार गोंधळला. मग उलगडा झाला. गणपतीला मुंबईहून आलेल्या पुतण्याने घरातल्या सगळ्यांचे मोबाईल 'लावून दिले' होते. प्रत्येकाला वेगळे खाते, वेगळा पासवर्ड कोण लक्षात ठेवणार, म्हणून सगळ्यांना एकच खाते. घर एक, चूल एक, तसे खातेही एक. काकांचे कार्ड त्यातच जोडून तो चतुर्दशीनंतर मुंबईला गेला. पुढे मोबाईल या हातातून त्या हातात गेले, खाते कोणी काढले नाही. आमच्याकडच्या निम्म्या घरांत आजही हेच आहे.

म्हणजे खरेदी यांपैकी कुठल्याही मोबाईलवरून झालेली असू शकत होती. तरुणांना पुरावा मिळाल्यासारखे वाटले. मला मात्र एक गोष्ट खटकत होती. कार्डावरून पैसे जाण्याआधी खात्रीचा आकडा, म्हणजे ओटीपी, येतो, आणि तो बागायतदाराच्याच नंबरवर येणार.

"काल दुपारी हा मोबाईल कुठे होता?"

"माझ्याच खिशात. हंगामात मी तो खाली ठेवतच नाय. व्यापाऱ्यांचे फोन येतत."

"रखवालदाराने हातात घेतला होता?"

"नाय."

"मग आकडा कोणी सांगितला?"

"कसलो आकडो?"

मी मेसेज काढून त्याच्यासमोर धरला. आदल्या दुपारचा, उघडून वाचलेला. कशासाठी ते त्यात स्पष्ट लिहिले होते, कोणाला सांगू नका हेही लिहिले होते.

"मी कोणाक सांगूक नाय," तो ठामपणे म्हणाला. मी मेसेज त्याच्यासमोर तसाच धरून ठेवला. तो मेसेजकडे बघत राहिला आणि त्याचा आवाज खाली आला. "काल मी आंबे निवडत होतो... आईन मागल्यान एक आकडो. पण तो गॅसवाल्याक सांगूचो."

"गॅस काल आला?"

उत्तर स्वयंपाकघराच्या दारातून आले. त्याची बायको तिथे उभी होती. "गॅस येवन आठवडो झालो."

तो आवाज मी सकाळी फोनवर ऐकला होता, 'शेजारच्या बागेत' म्हणणारा. मी तिच्याकडे पाहिले, तिने माझ्याकडे.

आईला बोलावले. म्हातारी मागच्या पडवीत कोकमे फोडत होती. पुढे काय चालले आहे ते तिला कोणी सांगितलेच नव्हते. हात पुसत आली.

"आई, काल तुमच्या मोबाईलवर काय झाले?"

"माझ्या? तो बंद पडत होतो गो. जागा संपली म्हणान सांगी. नातीचे, लेकीच्या चेडवाचे व्हिडिओ येयनासे झाले. माका वाटला रिचार्ज संपलो. तेणी विचारल्यान, होय काय? मी होय दाबलंय. मगे आकडो मागल्यान. मी ह्येका साद घातलंय, आकडो इलो काय रे? ह्येणी थयसूनच वरडान सांगल्यान. सगळ्या वाडीन आयकलो असतलो."

एक तरुण फस्सकन हसला. हवालदार खोकल्याचे निमित्त करून बाजूला गेले.

बागायतदार म्हणाला, "माका वाटला गॅसवालो इलो."

"वाचूक डोळे नाय तुका? आकडो वाचलस, वरचा कित्या वाचूक नाय?" म्हातारीचे लक्ष रखवालदाराच्या फुटलेल्या ओठाकडे गेले. "ह्येका काय झाला?"

मीच सांगितले. ती लेकाकडे वळली. "मेल्या, मी मागच्या पडवीत होतंय. माका एक शब्द विचारूक काय पैसे पडत होते?"

खरे सांगायचे तर प्रकरण तिथेच संपले. रखवालदाराला मी बाजूला नेऊन दोनदा विचारले, तक्रार द्यायची आहे का. तो नाही म्हणाला. मी बागायतदाराला आणि त्या तरुणांना समज दिली आणि सगळे डायरीत नोंदवले. बागायतदार हळूच म्हणाला, "मिटला मा आता, मॅडम?"

"नाही. चोर तुम्ही चारचौघांत म्हणालात. चोर नाही हेही इथेच, ह्यांच्यासमोर म्हणा."

त्याला ते जड गेले, पण तो म्हणाला. मग मी रखवालदाराच्या मोबाईलवरून ते खाते काढून टाकले. त्याने मोबाईल उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "आता माझ्यात ह्यांचा काय नाय मा?" नाही म्हटल्यावर खोपीकडे गेला.

या प्रकरणाने मला शिकवले ते आजही लोकांना सांगते. खरेदीचा मेल आला तर त्यातले काही दाबू नका, खाते आपल्या हाताने उघडा, नोंद आहे का बघा, बँकेशी ताडून घ्या. नोंद नसेल तर मेल खोटा. पण नोंद सापडली तर मेल खरा, एवढेच ठरते. खरेदी कोणी केली ते ठरत नाही. त्यासाठी आधी घरात विचारावे लागते, आणि घरातल्यांना विचारायचे लोकांना सुचतच नाही. बाहेरचा माणूस पडवीत बसलेला असला की तर नाहीच.

रखवालदाराने तो हंगाम पूर्ण केला. पुढच्या वर्षी तो शेजारच्या बागेत राहिला. नंतर एकदा बाजारात बागायतदार भेटला. नव्या रखवालदाराला राखण जमत नव्हती, माकडांनी बाग लुटली होती.

"मॅडम, तुमचा तो आयकता," तो म्हणाला. "तेका सांगा ना, परत ये म्हणान."

"त्याची बाग तुमच्या कुंपणाला लागून आहे," मी म्हणाले. "आकडा तर वरडून सांगितलात. हेही सांगा."