टपावरचा राजा

हिवाळ्यात वडशाहून नाटक कंपन्या गावोगाव निघतात. एका कंपनीसोबत मी बातमीसाठी गेलो होतो. प्रयोग जंगलातल्या गावी होता. वाटेत पंप नव्हता, म्हणून टेम्पोचालक डिझेलचा एक डबा सोबत ठेवी. दर खेपेला परतताना तो डबा टाकीत रिकामा होई.

निघताना कंपनीच्या मालकानं डब्याच्या झाकणाला सील लावून चालकाला सांगितलं, "भाऊ, यावेळी डबा उघडला तर पुढचा हंगाम दुसरी गाडी."

चालकानं लोखंडी पान्यानं चारही टायर ठोकून पाहिले. आवाजावरून हवा ओळखायची, ही इकडच्या चालकांची जुनी रीत. "हवा बरोबर हाय."

त्याची धाकटी बहीण बसस्टँडजवळ पंक्चरचं दुकान चालवते. तिथं गाडी थांबताच त्यानं पुन्हा टायर ठोकले. "भाईजान, टायर हाय का शाळेची घंटा?" म्हणत तिनं मीटर लावला. चारही टायरमध्ये हवा कमी निघाली. हवा भरता भरता तिची नजर वर गेली. टपावर नाटकातल्या राजाचा माणसाहून उंच रंगीत फलक उभा बांधला होता. "अन् हे काय? वाऱ्यासंगं कुस्ती खेळून राह्यले का? मंग डिझेल पुरन कसं?"

फलक आडवा करायचं ठरताच राजाचं काम करणारा नट भडकला. "मी येऊन राह्यलो हे लोकायले कसं समजन?"

"गाडी पोहोचली तर समजन," चालक म्हणाला.

तोडगा निघाला. गाव आलं की नटानं स्वतः दोरी ओढून फलक उभा करायचा, गाव सुटलं की आडवा. त्यानं हे सात गावांत केलं. पोरं टाळ्या वाजवत, तो हात हलवी. चालक गाडी एका संथ चालीनं हाकत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतताना वडसा दिसू लागलं आणि डिझेलचा काटा लाल रेघेवर टेकला. आता नटच घाबरला. "उघडा न डबा, भाऊ!"

"चूप बसा, महाराज."

टेम्पो पंक्चरच्या दुकानापर्यंत आला. मालक तिथं उभाच होता. त्यानं डबा उचलून पाहिला, झाकणाचं सील पाहिलं, म्हणाला, "पुढच्या हंगामाले हेच गाडी."

चालक खुशीत खाली उतरला आणि सवयीनं पाना घेऊन टायरकडे वळला. बहिणीनं मीटर पुढे केला. त्यानं पाना ठेवून मीटर घेतला.