फुगडीतला फ्लॅश

माझ्या आईचा हसरा फोटो जगात एकही नव्हता. बाई हसरी नव्हती असं नाही. उलट हसायला लागली की दोन घरं पलीकडे ऐकू जायचं. पण मी दुसरीत असताना हापशाचा दांडा उसळला आणि तिचे पुढचे दोन दात गेले. तेव्हापासून हसू आलं की हात पदराला आणि पदर तोंडाला. फोटो म्हटलं की ओठ असे घट्ट मिटायची, की बघणाऱ्याला वाटावं या बाईच्या घरात नुकतीच चोरी झालीय.

लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीला मी परळीहून माहेरी निघाले, तेव्हा नवऱ्याचा छोटा डिजिटल कॅमेरा पर्समध्ये घातला. त्याने दिला नव्हता, मी घेतला होता. मोबाइलमधले कॅमेरे तेव्हा नुसते नावाला असायचे. मला आईचा एक फोटो पाहिजे होता, तोंडभर हसतानाचा, पदराशिवाय. सासरी कपाटाच्या दारावर आतून चिकटवायचा आणि दार उघडलं की आई दिसायची, एवढाच बेत. एसटीत बसून मी त्याचं माहितीपुस्तक दोनदा वाचलं. फ्लॅशचे प्रकार चार, शटरचा वेग आपल्या हाताने कमीजास्त करता येतो, वगैरे. अंबाजोगाई येईपर्यंत मला वाटायला लागलं की आपण आता कुणाचंही लग्न शूट करू शकतो!

दोन दिवस नुसती फजिती. स्वयंपाकघरात दबा धरून बसले, पदर. गोठ्यात गाठलं, पदर. झोपेतून उठवलं तर शिव्या आणि वर पदर. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दीर मला न्यायला येणार होते. माझ्या हातात पंचमीची दुपार तेवढी उरली होती.

पंचमीला आमच्याकडे चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. पुरणाची उकडलेली दिंडं खाऊन बायका दुपारपासून मोकळ्या. आभाळ भरलेलं होतं म्हणून सगळ्या आमच्या पत्र्याच्या शेडखाली जमल्या. फुगड्या सुरू झाल्या. आई आणि काकू, म्हणजे आईची धाकटी जाऊ, हातांना कैची घालून गरगरा फिरायला लागल्या, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं बया, फुगडीत हात सोडता येत नाहीत! पदर कशाने घेणार?

मी कॅमेरा काढला. शेडखाली अंधारलेलं, म्हणून फ्लॅश चालू केला. आई समोर आली की बटण दाबायचे, पण कॅमेरा बिचारा क्षणभर विचार करायचा. तेवढ्यात आई पलीकडे आणि काकूची पाठ अलीकडे. अकरा फोटो काढले, अकराही काकूच्या पाठीचे. एकदम स्वच्छ, ब्लाउजच्या गाठीसकट!

"माझ्या पाठीला स्थळ बगतीस का गं?" काकू म्हणाली.

मग फ्लॅश बंद केला आणि शटर हळू केलं, सेकंदाचा आठवा भाग. सगळं ताक घुसळल्यासारखं झालं. त्यात आई कुठली, काकू कुठली, खांब कुठला, काही कळेना. शटर जोरात केलं तर नुसता काळोख. मी वैतागले, पाय आपटले, पुस्तक छापणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आई फिरता फिरता ओरडली, "काढ की! तुला काय जमत न्हाई!" आणि वर हसत होती, पदराशिवाय. माझा जीव तीळ तीळ तुटत होता.

शेवटी काकूनेच मला आत ओढलं. "ठिव ती डबी, ये फुगडी खेळ." मी चरफडत हात दिले. फिरायला लागलो. पत्रे फिरले, बायका फिरल्या, अंगण फिरलं, पण काकूचं तोंड माझ्यासमोर तसंच! हलेना, डुलेना. तिच्या हनुवटीवरचा तीळसुद्धा मला दिसत होता. मी किंचाळले. काकूला वाटलं माझा पाय मुरगळला.

"काकू, कॅमेरा बाहेरून नाही, आतून लावायचा!"

वडिलांचं उपरणं आणलं. कॅमेरा छातीवर ठेवला, उपरण्याने गच्च बांधला, खाली रुमालाची घडी सारली म्हणजे तोंड जरा वर होईल. शटर हळू ठेवलं आणि फ्लॅशही चालू केला. पुस्तकात लिहिलं होतं, फ्लॅश जवळच्याला थोपवून धरतो, आणि हळू शटर बाकीच्याला फिरू देतं. बटण दाबल्यावर दहा सेकंदांनी फोटो निघेल अशी सोय होती. बटण दाबायचं काम काकूचं. बायका रिंगण करून उभ्या राहिल्या. आई म्हणाली, "हिला सासरी वेड लावलं वाटतं." पण हात दिले.

पहिल्या खेपेला आईचं मंगळसूत्र आलं. घडी वाढवली. दुसऱ्या खेपेला काकूने बटण दाबलं, "सुटला!" म्हणून ओरडली आणि पळाली. आम्ही फिरलो. मी मागे रेलले, आई मागे रेलली, वेग धरला. छातीवर टीं टीं वाजायला लागलं, आधी हळूहळू, मग भराभर.

"अगं, तुझ्या पोटात काय वाजतंय गं!" आई ओरडली आणि जी हसत सुटली! तोंड उघडं, मान मागे, डोळ्यांत पाणी. आणि धाडकन फ्लॅश.

आम्ही दोघी जमिनीवर बसलो, बसलो म्हणजे पडलोच. थांबूनही शेड फिरतच होती. मी उपरणं सोडलं, फोटो बघायचं बटण दाबलं. मागे सगळं जग रेघा रेघा झालेलं, हिरव्या-लाल साड्यांचे नुसते पट्टे, आणि मधोमध माझी आई. एकेक केस दिसतोय. दोन दातांची खिंड दिसतेय. आणि ते हसणं!

"पुसून टाक ते," आई म्हणाली.

"नाही पुसणार! मेले तरी नाही!" मी खरंच भांडायला उठले होते.

तिने कॅमेरा माझ्या हातातून घेतला. बराच वेळ बघत राहिली. बायका पुढच्या फुगडीला लागल्या होत्या.

"मी अशी हसते?"

"अशीच."

"बरी दिसती का गं?"

"लई बरी दिसतेस."

"मंग इतके दिवस कुनी सांगितलं कावून न्हाई?"

मी परत तिच्याशेजारी बसले. मग म्हटलं, "आई, माझ्या लग्नात फोटोवाला यायच्या आधी मीच तुला म्हणाले होते, तोंड मिटून उभी राहा म्हणून."

"व्हय, तूच म्हनली व्हतीस," आई म्हणाली, आणि माझ्याकडे बघून हसली. पदर खांद्यावरच राहिला.