वहिनींचं जेवण

“माझं काय, मी खाईन काहीतरी,” म्हणत वहिनी ओढणीला हात पुसायच्या आणि आपल्यालाच वाढायला लागायच्या.

टोकियोजवळच्या ग्योतोकुला आमची दारं समोरासमोर. त्या माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या. समोर आता दुसरंच कुणी राहतं, तरी लिफ्टमधून बाहेर पडले की मी आधी त्या दाराकडे बघते. तुमच्याही शेजारी अशी कुणी असेल. तिला कधी बसून जेवताना पाहिलंय का, आठवून बघा. मी आठ वर्षांत पाहिलं नाही.

वहिनींच्या सासूबाई शेवटी पोटच्या मुलालाही ओळखत नव्हत्या. पुण्याला राहून वहिनींनीच त्यांचं सगळं केलं. जपानला परत आल्या आणि घरातलं जेवण बदलून टाकलं. चाळिशी-पन्नाशीतलं खाणं म्हातारपणी डोक्याला उपयोगी पडतं, हे त्यांनी मनावर घेतलं होतं. दादांच्या, म्हणजे त्यांच्या नवऱ्याच्या, डब्यात पालेभाजी, उसळ, भाकरी, चार अक्रोड. मीठ बेताचं, तळण बंद.

“आईंचं झालं ते ह्यांचं व्हायला नको,” म्हणायच्या.

एका सुट्टीच्या दुपारी मी विरजण मागायला गेले. वहिनी ओट्याशी उभ्या राहून त्यांच्या मुलाने, सोनूने, अर्धवट टाकलेले चिप्स आणि कोंबिनीतला, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातला, गोड पाव खात होत्या.

“वहिनी, तुम्हाला शुगर आहे ना?”

“आहे थोडी. भाजी ह्यांच्यापुरतीच उरलीय.”

“आणि गोळ्या?”

“दवाखान्यात जपानी बोलावं लागतं. ह्यांना कशाला रजा घ्यायला लावू?” मग हळूच म्हणाल्या, “त्यांना सांगू नका हं.”

मी विरजण घेऊन घरी आले. सांगितलं नाही.

साठीच्या आतच त्या चुकू लागल्या. प्लास्टिकचा कचरा न्यायच्या दिवशी ओला कचरा ठेवला. शेजारच्या जपानी आजींनी दारावर नम्र चिठ्ठी लावली. मग एकदा ट्रेनमधून ग्योतोकुला उतरायच्या राहिल्या आणि थेट शेवटच्या स्टेशनावर गेल्या. मी आणायला गेले तेव्हा पिशवी मांडीवर घट्ट धरून बाकावर बसल्या होत्या.

“इथंच होतं ना आपलं घर?” त्यांनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, शुगर आणि बीपी कित्येक वर्षं अंगावर काढलंय, मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्यात. एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही, पण शुगर-बीपीचा वाटा मोठा.

“पण घरात आम्ही सगळे एकच खात होतो,” दादा माझ्याकडे बघून म्हणाले. मी वहिनींचे रिपोर्ट गोळा करून पिशवीत भरायला लागले.

ते कायमचे पुण्याला निघाले त्या सकाळी मी फ्रीज रिकामा करायला गेले. फ्रीझरच्या तळाशी बर्फ धरलेले डबे निघाले, वहिनींच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या लावलेले. ‘ह्यांचा, सोमवार.’ ‘ह्यांचा, मंगळवार.’ ‘सोनूचा.’ दादांनी सगळे खालीवर करून पाहिले.

“हिचा कुठाय?”

या वेळी मी सांगितलं. उभ्याने खाणं, न घेतलेल्या गोळ्या, माझं गप्प राहणं, सगळं.

वहिनी दाराशी बसून आपल्या बुटांकडे बघत होत्या. दादांनी खाली वाकून त्यांच्या नाड्या बांधल्या आणि तसंच त्यांच्या गुडघ्यांवर डोकं टेकलं. खाली टॅक्सी येऊन थांबली होती.

वहिनींनी त्यांच्या केसांवरून हात फिरवला.

“कुठं दुखतंय का हो तुम्हाला?”