डॉक्टरांची हिंगाची डबी

डॉक्टरांबद्दल लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं. विषय निघाला की त्यांचे गमतीचे किस्से सांगायचो आणि शेवट जवळ आला की चहा टाकायला उठायचो. आज शेवटपर्यंत बसतो.

दिल्लीलगतच्या फरिदाबादमधल्या आमच्या सोसायटीत माझ्या वरच्या फ्लॅटमध्ये राहणारा हा माणूस अख्ख्या दिल्लीत कोणाला घाबरत नव्हता, फक्त शिंकेला घाबरायचा. सगळा जन्म विषाणूंच्या प्रयोगशाळेत गेलेला. निवृत्तीनंतर प्रयोगशाळा सुटली, विषाणू सुटले नाहीत. गणपतीच्या आरतीला हे दाराबाहेर उभे राहून टाळ्या वाजवत, कारण "एवढी तोंडं उघडी आणि खिडक्या बंद". साध्या सर्दीला अँटिबायोटिक घेणाऱ्या आमच्या सेक्रेटरीला त्यांनी एकदा लिफ्टमध्ये गाठलं. "भाईसाहब, ये गोली बैक्टीरिया की है, आपको वायरस है. चूहा पकड़ने के लिए मच्छर की कॉइल जलाते हो क्या?" सेक्रेटरी पुढे बरेच दिवस जिन्याने ये-जा करत होते. मला मात्र ते चहाबरोबर निवांत समजावत. विषाणूला एकट्याने काहीच जमत नाही. तो आपल्या पेशीत शिरतो आणि तिच्याकडूनच स्वतःच्या नकला काढून घेतो. "पाहुणा नव्हे हो. घरात घुसून तुमच्याच चुलीवर स्वतःच्या गोतावळ्याचा स्वयंपाक करणारा."

कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा तपासणीचा रिपोर्ट लवकर मिळेना. डॉक्टरांनी आपली वेगळी तपासणी शोधून काढली. रोज संध्याकाळी मास्क लावून खाली येत, हिंगाची डबी माझ्या नाकाखाली धरत आणि विचारत, "येतोय?" मी हो म्हटलं की मास्क उतरवून चहाला बसत. अशी सूट त्यांनी जन्मात दुसऱ्या कोणाला दिली नसेल. "ही काही पक्की परीक्षा नाही," असंही बजावत, "पण वास गेला तर लपवायचं नाही."

एका संध्याकाळी मला काहीच वास आला नाही. घसा सकाळपासून खवखवत होता. बायको गेल्यापासून घरात माझ्याशी बोलणारा डॉक्टरांचा तो एकच आवाज होता, आणि खरं सांगितलं असतं तर तोही दाराआड गेला असता. "येतोय की," मी म्हणालो. "चांगला उग्र आहे." त्यांनी मास्क उतरवला. सेक्रेटरीच्या जिन्यावरून आम्ही खूप हसलो.

माझं अंगदुखीवर निभावलं. त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. तिथून त्यांचा फोन आला.

"याला नेमकं औषध नाही हो," ते धापा टाकत म्हणाले. "ऑक्सिजन पुरवायचा, बाकी शरीराने बघायचं." मग म्हणाले, "कुठून आला ते शोधतोय. तुम्हाला तर वास येत होता."

"भाजीवाला असेल," मी म्हणालो.

"हं. त्याचा मास्क हनुवटीवरच असतो." त्यांनी खोकला आवरला. "तुम्ही जपा. एकटे आहात."

"बरे होऊन या. मग बोलू."

काय बोलायचं ते मी जुळवून ठेवलं. फोन पुन्हा आला नाही, डॉक्टरही आले नाहीत. पहिलं वाक्य तयार होतं: डॉक्टर, भाजीवाल्याचा काही दोष नव्हता. त्यानंतर 'माफ करा' म्हणायचं होतं. रिकाम्या घरातसुद्धा ते मला अजून मोठ्याने म्हणता आलेलं नाही.