हात न टेकता

केडगावच्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झालो, त्या पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत कुसुमबाई आल्या. ज्येष्ठ म्हणून अदबीने मी खुर्ची सोडली, तर म्हणाल्या, "सर, उठलात ते हात टेकून. बसा, आणि आता हात न टेकता उठा." सगळ्यांसमोर मला ते जमलं नाही. आमच्या खेळाच्या शिक्षिकांशी माझी ओळख अशी फजितीने झाली. आज बाईंच्या पंचाहत्तरीला मला ते जमतं, याचं श्रेय अर्थातच त्यांचं.

निवृत्तीनंतर बाईंनी गावातली वयस्कर मंडळी हाती घेतली. रोज सकाळी मंदिराच्या सभामंडपात उठाबशा, चालणं, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणं. आपल्याकडे वय झालं की माणसाला मानाने खुर्ची देतात आणि ताटात पातळ पेज वाढतात. बाईंना या दोन्हींचा राग. केंदूरचं माहेर त्यांच्या बोलण्यात मग उतरतं, "वय झालं की अंगातलं मांस झडतं. त्याला काम द्या, आन् खायालाबी द्या." कारेगावला कंपनीत लागलेले जुने विद्यार्थी प्रोटीन पावडरीचं विचारायला येतात, तेव्हा बाई आधी त्यांचा जेवणाचा डबा उघडायला लावतात आणि त्यात उसळ शोधतात.

आमच्या घरावर त्यांचं ऋण आहे ते आईमुळे. मोठ्या दुखण्यानंतर आईच्या पायांतलं बळ गेलं. बाजेवरून उठवायला दोघं लागत. त्यातच माझ्या मुलीला दिवस गेलेले. आमच्या आळीतलं प्रत्येक बाळ आईने पाटावर बसून, पाय लांब करून, नडग्यांवर न्हाऊ घातलेलं. पणतवंडाला मात्र आपला हात लागणार नाही, म्हणून ती रडायची.

बाई आल्या. वरणात पळी फिरवून माझ्या पत्नीला म्हणाल्या, "ह्यात डाळ कुठंय?" डॉक्टरांना विचारून घट्ट वरण, मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं, दही सुरू झालं. मग गोधड्यांची उंच चळत रचून बाई आईला तिच्यावरून उठायला लावू लागल्या. जमलं की एक गोधडी कमी.

"बाई, मला तालमीत धाडताय व्हय?" आई कुरकुरली.

"तालमीत न्हाई आक्का, न्हाणीत."

चळत बरीच खाली आली, आणि एका सकाळी आई उठता उठता धपकन मागे बसली. लागलं नाही, पण मी घाबरलो. म्हणालो, "पुरे आता, बाई."

बाई चिडल्या. "सर, हात तुम्ही टेकलेत. आक्कांना टेकू देऊ नका."

"ह्याला भायेर घालवा आन् मला पुन्यांदा उठू द्या," आई म्हणाली. मी मुकाट्याने बाहेर गेलो.

पणती झाली. बारशाच्या सकाळी आईने तिला नडग्यांवर घेऊन न्हाऊ घातलं आणि माझ्या मुलीच्या हाती दिलं. आम्ही सगळे आईला उचलायला धावलो. "व्हा बाजूला," बाई म्हणाल्या. आईने पाय जवळ घेतले, पुढे झुकली आणि पाटावरून उठली. मोकळे राहिलेले दोन्ही हात तिने बाईंच्या गालांवरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. बाईंना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

सत्कार समितीने मंचावर बाईंसाठी गादीची खुर्ची मांडली आहे. बाई तीत फार वेळ टिकणार नाहीत, हे मी पैजेवर सांगतो. बाई, तुम्हांला निरोगी शंभर वर्षं लाभोत. शंभरीच्या सत्काराला तुमचं नाव पुकारलं की तुम्ही अशाच ताठ उठा. टाळ्या वाजवायला आम्हीही उठू, हात न टेकता.